करव्वाचा दसरा

घटाच्या सामानात मी यंदा कात्रीही काढून ठेवली. परडी, मातीचा घट, पाच प्रकारचं धान, विड्याची पानं, नारळ आणि शेवटी कात्री. काळी माती नेहमीप्रमाणे निपाणीहून आली, भावाच्या शेतातली. ती घेऊन यंदा वहिनी स्वतः आली होती. माझी मांडामांड बघत पाटावर बसली आणि म्हणाली, "घटाला कात्री कशाला, वन्सं?"

"दसऱ्याला लागते," मी म्हटलं.

तिनं पुढं विचारलं नाही. माझी कामं यादीनं चालतात आणि यादीत एखादी गोष्ट असली तर तिला कारण असतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कॉलेजच्या ऑफिसात इतकी वर्षं काढली की तशी सवयच लागते. प्रवेशाचा मोसम वेगळा, परीक्षेचा वेगळा, दाखल्यांचा वेगळा. नवरात्र हा माझ्या लेखी तसाच एक मोसम होता. आधी झाडलोट, मग माती, मग पेरणी, मग रोज पाणी आणि माळ. त्यात आठवणीबिठवणीला जागा नव्हती.

वहिनी गेल्यावर मी परडीत माती पसरली, धान पेरलं, पाणी शिंपडलं. बंद देवघरात ओल्या मातीचा आणि तेलाच्या दिव्याचा मिळून एक जड वास साठतो. या वासाबरोबर मला हल्ली देवीच्या आधी कोंबडी आठवते. देवीनं रागावू नये.

अनगोळातलं आमचं घर लांबोळकं आहे. पुढं रस्ता, मागं परस, परसाच्या कडेला दोन खोल्या. आई-वडील गेल्यावर मी त्या भाड्यानं दिल्या. सुमंगला आणि बसवराज तिथं राहायला आले तेव्हा त्यांचं नवीन लग्न झालेलं होतं. गेले तेव्हा बसवराजच्या कानशिलांवर पांढरे केस दिसायला लागले होते. तो उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला. सकाळी मोटारसायकल काढायचा, संध्याकाळी मनगटापर्यंत काळे हात घेऊन परतायचा आणि नळाखाली बराच वेळ उभा राहायचा. सुमंगला घरी शिवणकाम करायची. त्यांना मूलबाळ नाही, मी एकटी. परसात आवाज असायचे ते तिच्या मशीनचे, माझ्या कुकरचे आणि करव्वाचे.

करव्वा म्हणजे तिची काळी कोंबडी. करी म्हणजे काळी, अव्वा म्हणजे आई किंवा म्हातारी बाई. नाव अगदी शोभायचं. घरात कामं पडलेली असताना शेजारणीनं गप्पा मारायला यावं, तशी ती माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहायची, मान वाकडी करून आत बघायची आणि काहीतरी पुटपुटत परत जायची.

सुमंगला माझ्याशी मराठी बोलायची आणि मी तिच्याशी कन्नड. दोघीही चुकायचो. तिचं मराठी इथल्याच गल्लीतलं, माझं कन्नड ऑफिसातलं, अर्जाच्या भाषेतलं. ती हसायची, "आक्का, तुमी भाजीवाल्याला पण अर्ज करताय बघा." आपापल्या भाषेत बोललो असतो तरी दोघींना कळलंच असतं. पण समोरच्याच्या भाषेत बोलणं हा आमच्याकडे, सीमेवर, पाहुणचाराचा भाग आहे. चहाचा कप पुढं करावा तसं. करव्वाला मात्र फक्त कन्नड यायचं. "बा, बा, बा" म्हटलं की जिथं असेल तिथून पळत यायची. "ये, ये" म्हटलं तर ढुंकूनही बघायची नाही.

दिवे लागायच्या वेळी सुमंगला तिला खुराड्यात घालायची. त्याआधी तिला काखेत धरून गळ्याखाली, छातीच्या वरच्या बाजूला दोन बोटं लावून बघायची. कोंबडी दिवसभर जे टिपते ते आधी तिथल्या पिशवीत साठतं. पिशवी भरलेली लागली की सुमंगला जाहीर करायची, "जेवली." आणि त्याच दमात माझ्या खिडकीकडे बघून, "आक्का, तुमचं झालं काय जेवण?" मी आतून "होईल, होईल" म्हणायची. रोजचं होतं ते. रोजच्या गोष्टीची नोंद कोण ठेवतं.

गेल्या वर्षी श्रावणात बसवराजला कागलच्या बाजूला काम मिळालं. इथून फार लांब नाही. निपाणी ओलांडली की कागल. भुरभुर पावसात टेम्पो भरला. मशीन चढलं, कपाट चढलं, करव्वा राहिली. नवी खोली माडीवर होती आणि मालकाला कोंबड्या चालत नव्हत्या. "दिवाळीपतोर ठेवा, आक्का," सुमंगला म्हणाली. "खालची खोली मिळाली की न्हेते." मी खुराड्याची किल्ली घेतली, कण्यांचा डबा कुठं आहे ते विचारून घेतलं, आणि टेम्पो वळेपर्यंत दारात उभी राहिले. मग आत येऊन दोन्ही खोल्या झाडून काढल्या. मला कामाशिवाय निरोप देता येत नाही.

त्यानंतर दिवे लागायच्या वेळी फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला: "करव्वा जेवली काय?" मी बोटं लावून बघितलेलं असायचं, तसं सांगायची. मग आज अंडं कुठं घातलं, मांजर येऊन गेलं का, पंख झडतायत का. अंडी मी खात नाही, ती शेजारच्या आप्पांकडे जायची. बोलणं तेवढंच. पण मी दुपारपासून ऑफिसात बसून मनात मुद्दे काढायची: आज करव्वा धुण्याच्या दगडावर चढली हे सांगायचं, आज तिनं माझ्या चपलेवर चोच मारली हे सांगायचं. दिवसभरात मला खूप फोन येतात. सगळ्यांना काहीतरी हवं असतं, तारीख, सही, शिक्का. या एका फोनला मी काय करते हे सांगायचं असायचं, भले कोंबडीच्या निमित्तानं का होईना.

दसऱ्याला आमच्याकडे घट उठवला की उगवलेलं धान उपटून देवाला वाहतात, बायका केसांत माळतात, पुरुष टोपीत खोवतात, दोन-चार घरी वाटतात. उरलेलं पाण्यात सोडायची पद्धत. पण तळ्यातली ती घाण मला बघवत नाही, म्हणून मी बऱ्याच वर्षांपासून परडीतली माती धानासकट परसात कढीपत्त्याच्या बुंध्याशी ठेवते. देवाची वस्तू मातीत जाते आणि झाडाला खत मिळतं. ही माझी सुधारणा होती आणि मला तिचा थोडा अभिमानही होता.

फक्त आजवर त्या परसात सुमंगला असायची. ती दसऱ्याला करव्वाला कोंडून ठेवायची की काय करायची, मी कधी बघितलं नव्हतं. गेल्या वर्षी करव्वा मोकळी होती. देवघराच्या अंधारात वाढलेलं धान पिवळट, उंच आणि फार नाजूक दिसतं, पण ओढून बघा, दोऱ्यासारखं असतं. पावसाळाभर कण्या खाऊन कंटाळलेल्या करव्वानं ते बघितलं आणि तुटून पडली. मी उंबऱ्यावर बसून कौतुकानं बघत होते. सणाला घरात कोणीतरी पोटभर जेवतंय याचं बरंच वाटलं. संध्याकाळी फोनवर मी सांगितलं, करव्वानं दसरा केला. सुमंगलाच्या मागं पाहुण्यांचा गलबला होता. ती हसली आणि म्हणाली, "बन्नी तगोंडु बंगारदांग इरोण, आक्का." सोनं घेऊन सोन्यासारखं राहू या. गडबडीत फोन ठेवला.

मग करव्वा उंबऱ्यावर यायची थांबली. कढीपत्त्याखाली पिसं फुलवून उभी राहायची, शेपटी खाली, डोळे अर्धे मिटलेले. मधूनच मान लांब करून झटका द्यायची, घशात काही अडकल्यासारखा. कण्या पुढं टाकल्या तर बघायची आणि तोंड फिरवायची. "बा, बा" म्हटलं तर एक पाय उचलायची, परत तिथंच ठेवायची.

आप्पा कंपाउंडवरून डोकावले. त्यांनी जन्मभर कोंबड्या पाळल्या आहेत, मुख्यतः खाण्यासाठी. "मानमोडी हाय ही," ते म्हणाले. "आजच रस्सा करून मोकळं व्हा बाई. उद्याच्याला पुरायला लागंल."

"आप्पा, तुमच्या घरात कोण आजारी पडलं की असंच करता काय?"

"आमच्या घरातली अंडी घालत न्हाईत," आप्पा म्हणाले आणि आत गेले. थोड्या वेळानं त्यांनीच लसणाच्या पाकळ्या आणून कंपाउंडवर ठेवल्या.

घाबरण्यापेक्षा तपासणं बरं, असं माझं मत आहे. मी करव्वाला टेबलावर जुन्या टॉवेलवर घेतलं आणि वरून खाली बघत गेले. तुरा फिका, पण काळानिळा नाही. डोळ्यांत पाणी नाही. नाकपुड्या कोरड्या. कान लावून ऐकलं, श्वासात घरघर नाही. मान फिरवून सरळ होते आहे, म्हणजे आप्पांची मानमोडी नसावी. पंखाखाली उवा नाहीत. पायांवर जोर आहे. शीट अगदी थोडी आणि पातळ. आणि मग माझी बोटं आपोआप तिच्या गळ्याखाली गेली. तिथं गोळा होता. लिंबाएवढा, घट्ट, कणकेसारखा. सकाळची वेळ होती. आदल्या दिवसापासून तिच्या पोटात दाणा नव्हता. सकाळी ही पिशवी सपाट लागायला हवी. रात्रभरात सगळं खाली उतरतं. सुमंगला सकाळी खुराडं उघडताना बोटं लावून "रिकामी, रिकामी" म्हणत कण्या टाकायची, ते मला तेव्हा कळलं.

मी कढीपत्त्याखालच्या परडीकडे बघितलं. धान मुळापासून गेलेलं होतं.

रजा टाकली. डालग्यात घालून तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. रांगेत एक म्हैस, दोन कुत्री आणि आम्ही. डॉक्टरीणबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग कोंबडीकडे. इथं कोंबडी घेऊन सहसा कोणी येत नाही, त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, लोक घरीच निकाल लावतात. मग त्यांनी गळ्याखाली बोटं लावली आणि माझा अंदाज बरोबर असल्याचं सांगितलं. लांब गवताचा गुंता पिशवीत अडकलाय, खाली सरकत नाही. दाणा पूर्ण बंद. कोमट पाण्यात तेलाचे थेंब, ड्रॉपरनं, चोचीच्या कडेनं, सावकाश. मग पिशवी हलक्या हातानं चोळायची, पुन्हा पुन्हा. उलटं मात्र धरायचं नाही, पाणी श्वासात जातं. सुटलं नाही तर कापून काढावं लागेल, आणि या वयाच्या कोंबडीचं काही सांगता येत नाही.

मी सगळं लिहून घेतलं. कागद फ्रिजवर लावला.

चोळायचं म्हणजे ती मांडीवर पाहिजे. कोंबडी इतकी गरम असते हे मला माहीत नव्हतं. पिसांच्या आत, कातडीशी, तव्यावरून नुकत्या उतरलेल्या भाकरीसारखी ऊब. वजन मात्र काहीच नाही. सगळा फुगारा पिसांचा. मी परसाच्या पायरीवर बसायची, डाव्या हातानं तिला धरायची आणि उजव्या हाताच्या बोटांनी तो गोळा थोडा थोडा दाबत राहायची. ऑक्टोबरचं ऊन भिंतीवरून सरकत जायचं. मागच्या खोल्यांची दारं बंद. नळ बंद. मी तिच्याशी कन्नडमध्ये बोलायची, कारण तिला तेच कळायचं, आणि माझ्या लक्षात आलं की मी अर्जाच्या भाषेत बोलत नाहीये. सुमंगलाच्या भाषेत बोलतेय. "यवा, उण्ण, यवा," म्हणजे खा गं बाई, खा. ते शब्द कधी शिकले, आठवत नव्हतं.

तसं बसलेलं असताना एकदा मनात आलं की ही बरी झाली तर दिवाळीला कागलला जाणार, आणि बरी नाही झाली तरी जाणारच. दोन्हीकडून परस रिकामं. मग दिवे लागायच्या वेळी फोन कशासाठी यायचा? कोणाला काय विचारायचं? मला असल्या विचारांची सवय नाही. मी उठून काहीतरी काम काढलं असतं, पण मांडीवर कोंबडी होती. हात थांबवता येत नव्हता. मी विचार तसाच राहू दिला आणि चोळत राहिले.

दवाखान्यात गेले त्याच संध्याकाळी फोन आला. करव्वा जेवली काय? मी म्हटलं, नाही. मग सगळं सांगितलं, धानाचं, गोळ्याचं, दवाखान्याचं, कापावं लागेल त्याचं. मुद्देसूद सांगितलं, ऑफिसात सांगते तसं. पलीकडे मशीन चालू होतं ते थांबलं. मला वाटलं, रागावली. तिची कोंबडी, माझ्या देवानं मारली.

"आक्का," ती म्हणाली, "तुमी जेवलाय काय?"

मी ओट्याकडे बघितलं. सकाळचा चहाचा कप तिथंच होता.

"आदी भात लावा. करव्वा कुठं जात न्हाय. मी फोन धरते."

मी फोन ओट्यावर ठेवला, तांदूळ धुतले, कुकर चढवला. तिच्या बाजूला कोणाच्या तरी चपला वाजल्या, एक गाडी गेली. माझ्या कुकरची शिट्टी झाली तेव्हा तिकडून आवाज आला, "हां. आता जेवा," आणि फोन बंद झाला.

सुटलं. हळूहळू सुटलं. आधी गोळ्याची एक कडा मऊ लागायला लागली, मग तो बोटांखाली सरकायला लागला, आणि एका सकाळी मी डालगं उघडून बोटं लावली तर पिशवी सपाट, रिकाम्या पाकिटासारखी. टॉवेलवर चांगली भरघोस शीट पडलेली, त्यात हिरव्या-पिवळ्या काड्या. असल्या गोष्टीचा आनंद होऊ शकतो, हे कोणाला सांगायचं? मी आप्पांना कंपाउंडवर बोलावून दाखवलं. त्यांनी गंभीरपणे बघितलं. "रश्श्याला आता चव यायची न्हाय," ते म्हणाले. "लई तेल पाजलंय तुमी." करव्वा डालग्यातून उतरली, उंबऱ्यापर्यंत चालत गेली, मान वाकडी करून स्वयंपाकघरात बघितलं.

दिवाळीच्या आधी सुमंगलाला खालची खोली मिळाली. पुढं थोडी मोकळी जागा, एक पेरूचं झाड. बसवराजला सुट्टी नव्हती, मग ठरलं की निपाणीला भेटायचं, ती तिकडून येईल, मी इकडून. मी डालग्यावर कापड बांधलं, भोकं ठेवली, कण्यांचा डबा आणि दवाखान्याचा कागद पिशवीत घातला. बसमध्ये कंडक्टरनं कापड वर करून बघितलं आणि करव्वाचं तिकीट फाडलं. आमच्याकडे बसमध्ये कोंबडीला तिकीट लागतं. मी ते आधीच गृहीत धरलं होतं, पण हातात दोन तिकिटं आली तेव्हा गंमत वाटली. मी बरीच वर्षं सगळीकडे एकाच तिकिटानं गेले आहे.

संकेश्वर गेलं. शेतांत ऊस माना टाकून उभा, मध्ये तंबाखूची रुंद हिरवी पानं. तवंदीच्या घाटात बस वळली की करव्वा आतून कुरकुर करायची, मी कापडातून बोट घालायची, ती चोचीनं हलकंच धरायची.

निपाणीच्या स्टँडवर सुमंगला आधीच येऊन उभी होती. थोडी जाड झाली होती. मला नमस्कार करायच्या आधी तिनं कापड सोडलं, करव्वाला काखेत घेतलं आणि दोन बोटं गळ्याखाली लावली. "जेवली," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. मग आम्ही चहा घेतला. मी तिला दवाखान्याचा कागद समजावून सांगितला, कन्नडमध्ये. तिनं मराठीत मान्य केलं. माझ्यासाठी तिनं ब्लाउज शिवून आणला होता, माप न घेता, आणि तो मला नेमका बसतो. भाऊ निपाणीतच राहतो, पण त्या दिवशी मी त्याच्याकडे गेले नाही. तिची कागलची बस आधी लागली. डालगं मांडीवर घेऊन ती खिडकीत बसली. मी माझ्या बसकडे वळले. येताना एकच तिकीट.

आता फोन येतात, पण दिवे लागायच्या वेळी नाही. कधी आठवड्यानं, कधी महिन्यानं. मी रागावत नाही. तिथं तिला शेजार मिळालाय, शिलाईचं काम वाढलंय, करव्वा पेरूच्या झाडाखाली पिलं घेऊन हिंडते. माणसं जिथं राहतात तिथली होतात, तसंच व्हायला पाहिजे. मागच्या खोल्या मी अजून भाड्यानं दिलेल्या नाहीत. कोणी विचारलं तर रंग काढायचाय म्हणते. आप्पा म्हणतात, रंग काढायला तुम्हाला मुहूर्त लागतोय काय.

यंदा धान चांगलं उगवलं. वहिनीनं आणलेली माती कसदार होती. आज दसरा. सकाळी सुमंगलाचा फोन आला. बन्नी तगोंडु बंगारदांग इरोण, आक्का. मीही तेच म्हटलं. करव्वा बरी आहे, अंडी कमी झालीत, वय झालं. मी विचारणार होते, तुझं जेवण झालं का. तेवढ्यात तिच्या घरात कुकरची शिट्टी झाली आणि "करते मागनं फोन" म्हणून तिनं ठेवला.

घट उठवला. थोडं धान देवाला वाहिलं, थोडं केसांत खोवलं, आप्पांच्या टोपीसाठी तुरा काढून ठेवला. उरलेली परडी घेऊन परसाच्या पायरीवर बसले आणि कात्री घेतली. मूठभर धान धरायचं, बारीक कापायचं, पुन्हा मूठभर. खुराडं समोर रिकामं आहे. कडी लावलेली आहे. ऊन भिंतीवरून सरकत होतं. शेवटची मूठ संपली तेव्हा परसभर हिरवा-पिवळा चुरा पसरला होता, इतका बारीक, की कोणी आलंच, तर कोणाच्या गळ्यात अडकू नये.